काळ्या गाडीला पॉलिश केल्यावरही जाळीदार ओरखडे पुन्हा का दिसतात?

काळी गाडी संध्याकाळी पॉलिश करून झाली की आरशासारखी दिसते. दुसऱ्या दिवशी ती उन्हात काढली, की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक ओरखडे चमकू लागतात. मग पुन्हा पॉलिश, पुन्हा चार दिवसांची झळाळी आणि पुन्हा तेच जाळे. काळी गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो आणि ‘काळा रंगच नाजूक’ असे म्हणून त्यांनी त्याचा नाद सोडलेला असतो. प्रत्यक्षात पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे असतात. रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा जो पारदर्शक थर असतो, ओरखडे त्या थरावर उमटतात. ओरखड्याच्या कडेवरून थोडा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. पांढरा रंग स्वतःच भरपूर प्रकाश परत फेकत असल्यामुळे ही भर त्यात हरवून जाते. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून तेथे फक्त ओरखडाच उजळून दिसतो.

हे ओरखडे गोल दिसतात, पण ते गोल नसतात. हातातला एलईडी टॉर्च बॉनेटवर धरून हळूहळू सरकवला, तर वर्तुळांचे केंद्रही टॉर्चबरोबर सरकताना दिसते. सगळीकडे वेड्यावाकड्या दिशांनी पसरलेल्या सरळ ओरखड्यांपैकी जे दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेने पडलेले असतात, तेवढेच डोळ्याकडे प्रकाश पाठवतात आणि बाकीचे अदृश्य राहतात. या छोट्याशा प्रयोगाचा व्यवहारातला उपयोग असा, की ‘पॉलिशवाल्याने यंत्र गोल फिरवले म्हणून गोल ओरखडे पडले’ हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा आहे, हे त्यातून कळते. यंत्राने पडलेल्या खुणा वेगळ्या दिसतात आणि त्यांच्याकडे पुढे येऊच.

ओरखडे परत केव्हा दिसले?

उपाय शोधण्यापूर्वी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा, कारण ‘ओरखडे परत आले’ या तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्यांची औषधेही निरनिराळी आहेत.

पहिल्या उन्हातच दिसले, तर दोष पॉलिश करण्याच्या पद्धतीत आहे. एक-दोन वेळा गाडी धुतल्यानंतर एकदम दिसू लागले, तर ते मुळात गेलेलेच नव्हते, केवळ झाकले गेले होते. आणि महिना-दोन महिन्यांत हळूहळू वाढत गेले, तर पॉलिशचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते धुताना आणि पुसताना आपल्याच हाताने पडलेले नवे ओरखडे आहेत. माझा अनुभव असा, की लोक बहुधा या तिसऱ्या दुखण्यावर पहिल्याचे औषध घेत राहतात आणि दर वेळी क्लिअर कोट थोडा थोडा कमी करत जातात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. ओरखडा घालवणे म्हणजे तो भरून काढणे नव्हे. त्याच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा थर खरवडून पृष्ठभाग सपाट करणे, असा त्याचा अर्थ आहे. ही शिल्लक एकदाच मिळते, त्यामुळे ती विचार करून खर्चावी.

झाकलेले ओरखडे ओळखणे सोपे आहे. बऱ्याच पॉलिशमध्ये, विशेषतः ‘एका हातात झगमगाट’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत, तेले आणि मेणासारखे पदार्थ असतात. ते ओरखड्यांत जाऊन बसतात आणि शाम्पूबरोबर निघून जातात. पॉलिश झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाच-सहा भाग पाणी असे मिश्रण फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच पुसावे आणि त्या जागेवर टॉर्च धरावा. जे दिसेल ते खरे. हे मिश्रण याहून तीव्र करू नये आणि नुकत्याच रंगवलेल्या भागावर मुळीच वापरू नये. झाकणारे पॉलिश वाईटच असते असेही नाही. क्लिअर कोट आधीच पातळ झालेल्या जुन्या गाडीवर मी स्वतः तेच सुचवीन. पण आपण ओरखडे झाकत आहोत की काढत आहोत, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

पहिल्या उन्हात दिसणाऱ्या खुणा

यात दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार रोटरी यंत्राचा. त्यात पॅड, म्हणजे पॉलिश घासणारी यंत्राची गोल गादी, एकाच आसाभोवती जोरात फिरत असल्यामुळे काम झपाट्याने होते, पण पॅड जरा तिरका धरला गेला किंवा दाब कमीजास्त झाला, की यंत्र ज्या वाटेने गेले त्या वाटेचे पट्टे रंगावर उमटतात. बाजूला सरकून पाहिले तर ते नोटेवरच्या चकचकीत पट्टीसारखे हलतात, म्हणून त्यांना होलोग्राम म्हणतात. ट्यूबलाइटच्या पसरलेल्या उजेडात ते दिसतच नाहीत. मी शिकत असताना एक संपूर्ण बॉनेट रात्री ट्यूबलाइटखाली रोटरीने करून समाधानाने झोपलो होतो. सकाळी त्यावर इंद्रधनुष्यी पट्ट्यांची अशी काही रांगोळी होती, की गाडी मालकाला दाखवण्याआधी अर्धा दिवस पुन्हा काम करावे लागले. तेव्हापासून टॉर्चशिवाय पॅड टेकवलेला नाही.

दुसरा प्रकार धुक्यासारख्या मंदपणाचा. ड्युअल ॲक्शन यंत्र पॅडला फिरवता फिरवता डोलवतेही, त्यामुळे त्याने होलोग्राम जवळजवळ पडत नाहीत. पण पॅड किंवा पॉलिश रंगाच्या मानाने फार तीव्र असले, तर असंख्य सूक्ष्म ओरखडे पडून काळा रंग राखाडी भासू लागतो. मायक्रोफायबरच्या कटिंग पॅडने, म्हणजे जास्त खरवडणाऱ्या पॅडने, काळ्या रंगावर हे हमखास होते. वेळ वाचवायचा म्हणून अनेक जण नेमका तोच पॅड उचलतात आणि मग त्याने आलेले धुके घालवायला दुसरी पूर्ण फेरी करतात, म्हणजे दिवस वाचण्याऐवजी दुप्पट होतो.

यावरून काळ्या गाडीच्या बाबतीत ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. दाब वाढवून, गती वाढवून किंवा कंपाउंड (जास्त खरवडणारे पॉलिश) तीव्र घेऊन काम लवकर होत नाही. फेऱ्यांची संख्या कमी केल्याने ते लवकर होते. एकाच पॅडने आणि एकाच पॉलिशने, एकाच फेरीत, शंभरातले सत्तर-ऐंशी ओरखडे जावेत आणि मागे धुके राहू नये, अशी जोडी आधी शोधून काढावी आणि मग ती गाडीभर न बदलता वापरावी. उरलेले वीस-तीस खोल ओरखडे सोडून द्यावेत. नखाला अडकणारा ओरखडा तर पॉलिशच्या आवाक्यातलाच नसतो.

यंत्र हातात घेण्यापूर्वी

गाडी नीट धुतलेली असावी, हे सांगण्याची गरज नाही असे वाटते, पण आहे. पॅडखाली एक वाळूचा कण राहिला तर तो पॅडबरोबर संपूर्ण बॉनेट फिरून येतो. धुतल्यानंतर ओल्या पृष्ठभागावर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवावा. खरखर लागली तर ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि झाडांचा चिकट अंश रंगाला धरून बसलेला आहे असे समजावे. लोखंड विरघळवणारा फवारा मारल्यावर जांभळे ओघळ येतात आणि बरेचसे काम तेथेच होते. त्यानंतरही खरखर उरली तरच क्ले, म्हणजे चिकटलेला मळ ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, वापरावी, तीही सौम्य प्रतीची, भरपूर वंगणद्रव्य मारून, कारण क्ले स्वतः काळ्या रंगावर बारीक ओरखडे पाडते. एरवी तो दोष मोठा नाही, कारण पुढे पॉलिश होणारच असते. पण एका फेरीत काम संपवायचे असेल तर आपणच ओरखड्यांची भर कशाला घालावी?

काम सावलीत करावे आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वेळेआधी वाळते, त्याची पूड पॅडखाली घासली जाते आणि पुसतानाही ते सोडत नाही. धारदार कडांवर आणि पत्रा जेथे दुमडतो त्या रेघांवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो, म्हणून तेथे मास्किंग टेप लावावी. काळ्या खरबरीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि रबरही झाकावेत, कारण त्यांत शिरलेले वाळके पॉलिश पांढरे दिसते आणि ते काढण्यात जाणारा वेळ टेप लावण्याच्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त असतो. एखाद्या भागाला कधी पुन्हा रंग दिलेला असेल, तर जाडी मोजण्याच्या उपकरणावर तेथील आकडा शेजारच्या भागांपेक्षा निराळा येतो. त्या भागाचा मऊपणाही वेगळा असू शकतो, म्हणून त्याची चाचणी स्वतंत्र करावी.

चाचणीचा चौकोन

हा भाग लोक टाळतात. माझ्या मते सगळा वेळ येथेच वाचतो. बॉनेटवर सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन टेपने आखावा. आधी सर्वांत सौम्य जोडी घ्यावी, म्हणजे मऊ फोमचा पॅड आणि बारीक दाण्याचे फिनिशिंग पॉलिश. चौकोन करून, अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून, टॉर्च तीन-चार दिशांनी धरून पाहावे. पुरेसे ओरखडे गेले नसतील तर पॉलिश तेच ठेवून पॅड मध्यम फोमचा घ्यावा. तरीही कमी पडले तर मध्यम पॅडवर एक पायरी तीव्र पॉलिश घ्यावे. बहुतेक काळ्या गाड्यांवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नात जोडी सापडते. उलट्या क्रमाने, म्हणजे तीव्रपासून सौम्याकडे जाऊ नये. एक तर तेथे थर विनाकारण कमी होतो, आणि तीव्र जोडीने ओरखडे गेलेले दिसल्यावर सौम्य जोडीनेही तेवढे गेले असते की नाही, हे कधीच कळत नाही.

यंत्र ड्युअल ॲक्शन प्रकारचे घ्यावे. डोलण्याचा व्यास १५ मिलिमीटर असलेले यंत्र नवशिक्याला सर्वांत सोयीचे पडते. २१ मिलिमीटरचे यंत्र सपाट बॉनेटवर आणि छतावर वेळ वाचवते, पण आरशाजवळ आणि बंपरच्या वळणावर ते आवरत नाही. नव्या पॅडवर सुरुवातीला थोडे पॉलिश बोटाने सगळीकडे चोळून घ्यावे, नाहीतर पॅडचा कोरडा भाग ओरखडे पाडतो. त्यानंतर प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. जास्त घेतल्याने ओरखडे जास्त जात नाहीत. उलट पॅड घसरत राहतो आणि कापणे, म्हणजे थर खरवडणे, कमी होते. यंत्र बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून, कमी गतीवर पॉलिश पसरवून घ्यावे आणि मग यंत्रावरच्या एक ते सहा या गतीच्या मापावर चार-पाच इतकी गती ठेवावी. हात सेकंदाला तीन ते पाच सेंटिमीटर एवढाच सरकावा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढावी, आणि आधी आडव्या दोन व नंतर उभ्या दोन अशा फेऱ्या घ्याव्यात. एका चौकोनाला चार मिनिटांच्या आसपास लागतात. कामाला नवा माणूस हात नेहमीच फार भरभर फिरवतो, आणि मग ओरखडे जात नाहीत म्हणून दाब वाढवतो.

दाब किती, तर यंत्राचे वजन आणि वर हाताचा हलका भार. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवावी. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबून नुसती थरथरू लागली, तर दाब जास्त झाला आहे किंवा पॅड वळणावर वाकडा टेकला आहे आणि तेथे कापणे जवळजवळ बंद पडले आहे. ही एक रेघ मला कित्येक उपदेशांपेक्षा उपयोगी पडली आहे. शेवटच्या फेरीत भार काढून घ्यावा आणि केवळ यंत्राच्या वजनावर पॅड हळू फिरू द्यावा. मऊ रंगावर उरलेले धुके याने बरेचसे निघून जाते.

बॉनेट उत्तम, दारे मंद

एकाच दिवशी, एकाच जोडीने काम करूनही बॉनेट आणि छत सुरेख निघते आणि दारांपर्यंत येईतो मंदपणा येतो, ही तक्रार नेहमीची आहे. त्याचे कारण रंगात नसून पॅडमध्ये असते. खरवडलेला क्लिअर कोट आणि वापरून झालेले पॉलिश फोमच्या छिद्रांत साचत जाते, वाळते, घट्ट होते, आणि तोच गाळ मग सँडपेपरचे काम करू लागतो. प्रत्येक चौकोनानंतर, दोन चौकोनांनंतर नव्हे, नायलॉनच्या मऊ ब्रशने किंवा दाबाच्या हवेने पॅड साफ करावा. पूर्ण गाडीसाठी किमान चार पॅड हाताशी असावेत. पॅड मध्यभागी हाताला गरम लागू लागला की तो बाजूला ठेवून दुसरा चढवावा. तापलेला फोम लिबलिबीत होतो आणि त्याची कापण्याची ताकद जाते. पॅडवर खर्च नको म्हणून दोन पॅडवर अख्खी गाडी ओढणारे पुढे एक संपूर्ण जादा फेरी करताना मी पाहिले आहेत.

पुसताना पडणारे ओरखडे

मऊ काळ्या रंगावर पॉलिश उत्तम होते आणि पुसताना बिघडते. हे नेहमी नजरेतून सुटते, कारण यंत्राने केलेले काम डोळ्यांत भरलेले असते आणि फडक्याकडे कोणी पाहत नाही. फडका जाड लवीचा मायक्रोफायबरचा घ्यावा, शक्यतो कडेला शिवण नसलेला, आणि त्याचे लेबल कापून टाकलेले असावे. एकदा तशाच राहून गेलेल्या लेबलाने दारावर दोन समांतर कमानी कोरलेल्या मी पाहिल्या, त्याही शेवटच्या दारावर. फडका चारपदरी घडी करून धरावा आणि दर चौकोनाला नवी बाजू उलटावी. पॉलिश निघत नसेल तर जोर लावू नये. त्यावर थोडे क्विक डिटेलर (पुसताना वंगणाचे काम करणारा फवारा) फवारून अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे ते मऊ पडते. जमिनीवर पडलेला फडका झटकून पुन्हा वापरू नये, तो थेट धुण्यात टाकावा. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडका पाणी व मळ उचलेनासा होतो. सुती कपड्यांबरोबरही धुऊ नये, कारण त्यांचे तंतू लवेत अडकतात.

अल्कोहोलने पुसून पाहिल्यावर नवेच बारीक, एकाच दिशेचे ओरखडे दिसले, तर ते पॉलिशचे आहेत असे लगेच ठरवू नये. अल्कोहोलला वंगण नसते आणि फार मऊ रंगावर ते पुसणेच ओरखडा पाडू शकते. अशा वेळी तीच जागा पुन्हा मऊ पॅडने करून, या वेळी भरपूर फवारा मारून, फडक्याला जवळजवळ भार न देता पुसावे आणि फरक पाहावा.

महिन्या-दोन महिन्यांनी येणारे जाळे

आता तिसऱ्या, म्हणजे सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराकडे. रोज सकाळी कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने गाडीवरची धूळ पुसणे हे जाळ्याचे सर्वांत मोठे कारण आहे. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि फडका त्यांना फरफटत नेतो. धुळकट काळी गाडी पाहवत नाही, हे मान्य आहे. तरी ती पुढच्या धुण्यापर्यंत तशीच ठेवावी. फारच गरज पडली तर पाण्याशिवाय धुण्याचे वंगणयुक्त द्रव्य सढळ हाताने फवारून, प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी बाजू घेऊन पुसावी. हा उपाय हलक्या धुळीपुरताच आहे, चिखलासाठी नाही. फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुण्याची गोष्टही वेगळी नाही, कारण आधीच्या गाडीचा चिखल त्याच ब्रशांत असतो.

धुताना आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, जमल्यास फेस मारून, जेवढी माती हात न लावता जाईल तेवढी जाऊ द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळून धुण्याची, आणि दोन्हींच्या तळाशी जाळी ठेवावी, म्हणजे खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. छतापासून खाली यावे आणि दारांचा खालचा भाग व बंपर शेवटी धरावेत, कारण रस्त्यावरची वाळू तेथे उडते. चाकांसाठी मोजा आणि बादली वेगळी ठेवावी. वाळवताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून ठेवावा आणि उचलावा, घासू नये. ब्लोअर असेल तर टॉवेल लावण्याची वेळच कमी येते.

पॉलिशनंतर सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा पातळ संरक्षक थर, जरूर द्यावे. मळ त्यावर कमी चिकटतो, त्यामुळे धुताना हात कमी लावावा लागतो. मात्र कोटिंग दिले म्हणजे ओरखडे पडणार नाहीत, हा समज सोडून द्यावा. तो थर एक-दोन मायक्रॉनच्या घरातला असतो आणि वाळूच्या कणापुढे त्याचे फार चालत नाही. ओरखडे खरोखर अडवायचे असतील तर साधारण दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक संरक्षक फिल्म लावणे हाच मार्ग आहे, आणि तीही पॉलिश झाल्यानंतरच लावावी, कारण फिल्मखाली राहिलेले जाळे पुढे ती काढल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. कोटिंग दिलेल्या गाडीवर पुन्हा जाळे आले तर आधी हे ध्यानात घ्यावे, की पॉलिशच्या पहिल्याच फेरीत त्या भागावरचे कोटिंगही जाणार आहे. त्यामुळे एखाद्याच दारावर काम केले तरी त्या दारावर कोटिंग नव्याने द्यावे लागते, नाहीतर पुढच्या पावसात त्यावरचे पाणी शेजारच्या दारापेक्षा निराळे ओघळताना दिसते.